‘हॉर्टन, १९४५’ शोधायला लायब्ररीत: वृत्तांत, आणि जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

नद्यांचं स्ट्रीम ऑर्डरिंग (म्हणजे लहान ओहोळांपासून मुख्य नदीपर्यंत प्रत्येक प्रवाहाला पायरीनुसार नंबर देणं) समजावणारी एक आकृती सगळीकडे छापलेली असते, आणि तिच्याखाली बऱ्याचदा नुसतं ‘हॉर्टन, १९४५’ एवढंच, म्हणजे ही पद्धत मांडणाऱ्या हॉर्टनचा त्या वर्षीचा पेपर. माझ्याकडच्या दोन पुस्तकांत या एकाच नावाखाली दोन वेगळ्या आकृत्या होत्या, त्या काही एकमेकींशी जुळेनात, म्हणून म्हटलं मूळ पेपरच बघू आणि सरळ युनिव्हर्सिटीची लायब्ररी गाठली.

निघायच्या आधी रेफरन्सची ओळ नीट वाचून घ्या, खरा वेळ तिथेच वाचतो. माझी ओळ होती: हॉर्टन, १९४५, मग पेपरचं लांबलचक नाव, आणि शेवटी ‘बुल. जिऑल. सोक. अम. ५६, २७५–३७०’. पहिला प्रश्न, ही चीज आहे काय? प्रकाशक आणि त्याच्या गावाचं नाव दिसलं तर पुस्तक, ‘इन’ लिहून संपादकांची नावं आली तर पुस्तकातलं प्रकरण, आणि शॉर्टफॉर्मपुढे असे आकडे आले की जर्नल. ५६ हा व्हॉल्यूम, पुढची पानं. हे आधी ठरवायचं कारण असं की कॅटलॉगमध्ये साधारणपणे जर्नलची नोंद असते, आतल्या लेखांची नाही. लोक लेखाचं नाव टाकतात, काही येत नाही, आणि ‘इथे नाहीये’ म्हणत निघून जातात, तर पेपर वरच्या मजल्यावर निवांत पडलेला असतो. प्रकरणाचंही तसंच, तिथे आख्ख्या पुस्तकाचं नाव नाहीतर संपादकाचं नाव टाकायचं.

डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन नंबर, दिला असेल (१० आणि टिंबाने सुरू होतो तो) तर आधी तो उघडून बघा. जुन्या पेपरांनाही नंतर डीओआय दिलेत. घरी पैसे मागणारा पेपर लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर कधीकधी फुकट उघडतो, तेव्हा जिने चढायच्या आधी तिथेही एकदा बघून घ्यावं.

आता शॉर्टफॉर्म. हे जर्नल १९४५ मध्ये ‘बुलेटिन ऑफ द जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका’ होतं, पुढे शब्दांची उलटापालट होऊन ‘जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका बुलेटिन’ झालं. म्हणजे कॅटलॉगमध्ये दोन नोंदी असू शकतात, आणि रॅकवर जुने व्हॉल्यूम एका अक्षराखाली, नवे भलत्याच. नोंदीत ‘आधीचं नाव’, ‘नंतरचं नाव’ अशा ओळी असतात, त्या वाचायचा कंटाळा करू नका. आणि नोंद सापडली म्हणजे व्हॉल्यूम आहे असंही नाही, लायब्ररीकडे कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतचे अंक आहेत ते खाली वेगळं दिलेलं असतं.

जुने अंक बंद स्टॅकमध्ये होते, म्हणजे आपल्याला आत जाता येत नाही, स्लिप भरून वाट बघायची. तेवढ्यात पुस्तकांच्या रॅककडे एक चक्कर मारली, आणि ड्युईचे नंबर (पुस्तकांना विषयानुसार दिलेले) वाचताना लोक जिथे हमखास अडकतात तेच समोर दिसलं. एकजण ५५१.५७७, म्हणजे पाऊस, हे पुस्तक ५५१.६ च्या पुढे शोधत होता. ते ५५१.५ नंतर आणि ५५१.६ च्या आधी असतं, कारण टिंबानंतरचे आकडे दशांश म्हणून वाचायचे, पाचशे सत्त्याहत्तर म्हणून नाही. ५५१.४८, म्हणजे जलविज्ञान, हेही म्हणून ५५१.५ च्या आधीच. तिथे सापडलं नाही तर मोठ्या आकाराच्या पुस्तकांचा रॅक वेगळा असतो, तोही बघा.

व्हॉल्यूम आला. चांगला जाडजूड, बाइंड केलेला. पानांचे नंबर वर्षभर सलग चालतात म्हणून रेफरन्समध्ये अंक नंबर नसूनही अडलं नाही, पान २७५ थेट तिसऱ्या अंकात निघालं. ज्या जर्नलमध्ये दर अंक पान १ पासून सुरू होतो तिथे मात्र अंक नंबर नसेल तर सगळे अंक चाळायची तयारी ठेवा.

आणि मग आकृती! हॉर्टनच्या पद्धतीत मुख्य नदीला तिचा सगळ्यात मोठा नंबर पार उगमापर्यंत मिळतो. माझ्या एका पुस्तकातल्या आकृतीत मात्र उगमाकडचे सगळे बारके ओहोळ १ होते, म्हणजे ती स्ट्रॅहलर नावाच्या संशोधकाने पन्नासच्या दशकात बदललेली पद्धत, फक्त नाव हॉर्टनचं चिकटलेलं. कुणीतरी मूळ न बघता दुसऱ्याच्या यादीतून ओळ उचलली असणार, आणि पुढचे तीच उचलत गेले. ९६ पानांचा पेपर आहे, कोण उघडतंय!

स्ट्रॅहलरचा १९५७ चा पेपर लगेच मागवला. तो ‘ट्रान्झॅक्शन्स, अमेरिकन जिओफिजिकल युनियन’च्या व्हॉल्यूम ३८ मध्ये, ९१३ ते ९२०, आणि हे जर्नल पुढे ‘ईऑस’ झाल्यामुळे काही कॅटलॉगमध्ये त्याच नावाखाली सापडतं. काउंटरवर जुनं नाव सांगितलं तर ओळखलं नाही, ‘ईऑस’ म्हटल्यावर दोन मिनिटांत हातात.

फोटो काढताना लेखाच्या पानांबरोबर व्हॉल्यूमचं मुखपृष्ठही घ्या, नाहीतर महिन्याभराने ही पानं कशातली ते आठवत नाही. व्हॉल्यूम नसेलच तर काउंटरवर इंटरलायब्ररी लोनचं, म्हणजे दुसऱ्या लायब्ररीतून मागवण्याचं, विचारा, लेखापुरतं बऱ्याचदा स्कॅन पाठवतात. फक्त अर्जात जर्नलचं पूर्ण नाव लिहा, शॉर्टफॉर्म टाकलात तर अर्ज परत यायची शक्यता जास्त.