डावा हात

बारावीला गणितात गचकलो आणि जूनमध्ये मामाच्या सलूनमध्ये झाडू हातात आला. कराडातलं तीन खुर्च्यांचं दुकान. भिंतीवर सेना महाराजांची तसबीर, तिच्या शेजारी हेअरस्टाइलचं पोस्टर. त्यातल्या एकाही पोराची स्टाइल आमच्या गिऱ्हाइकांनी कधी मागितली नाही. पहिले दोन महिने मी केस झाडले, टॉवेल धुतले आणि कंगवे डेटॉलच्या पाण्यात बुडवले. मामा काही शिकवायचा नाही. "बघ," एवढंच म्हणायचा.

मग कात्री दिली, पण रिकामी चालवायला. अंगठा हलवायचा, बाकीची बोटं मेली असं समजायचं. वरचं पातं जागचं हलता कामा नये. रात्री जेवताना डाव्या हातानं भाकरी मोडायची आणि उजव्यात कात्री कचकच चालवायची, असं करून आईच्या शिव्या खाल्ल्या. मशीन त्या मानानं सोपं. एक नंबरची कॅप लावली की तीन मिलिमीटर राहतात, दोनची लावली की सहा. "मशीन काय, कुणीबी चालवतंय," मामा म्हणायचा. त्याच्या लेखी काम म्हणजे वस्तरा.

आमच्या आज्याचा वस्तरा अजून दुकानात आहे, सहाण आणि चामड्याच्या पट्ट्यासकट. नव्वदच्या दशकात एड्सची भीती पसरली तशी लोक विचारायला लागले, "पातं नवं हाय ना?" मग तो पेटीत गेला आणि अर्धं पातं घालायचा वस्तरा आला. गिऱ्हाइकादेखत कागद फाडायचा, पातं मधून मोडायचं, अर्धं बसवायचं. माझा सराव फुग्यावर चालायचा. फुगवलेल्या फुग्याला फेस लावायचा आणि वस्तऱ्यानं तो काढायचा. फुगा फुटला की तोंडभर फेस. मी चाळीसेक तरी फोडले असतील. दिवाळीनंतर दाढ्या सुरू झाल्या, त्याही ओळखीच्या माणसांच्या, ज्यांना कापलं तरी ती दुसऱ्या दिवशी येणारच होती. डोक्याला वस्तरा मात्र एकदाही लावला नव्हता.

पौषातली गोष्ट. आदल्या रात्री शटर ओढताना मामाचा उजवा अंगठा सापडला. नख काळंनिळं, अंगठा वांग्याएवढा. सकाळी सहाला तो आमच्या दारात उभा. "धोकटी घे. आबांचा दहावा हाय."

आबा म्हणजे शेजारच्या गावचे म्हातारे. पंचवीस वर्षं मामाकडंच हजामत. चार मुलगे. मी म्हटलं, "मामा, मी डोकं कधी केलं नाही." तो म्हणाला, "फुग्यावर केलंस की. फुगा काय चौकोनी असतोय व्हय?"

कृष्णामाईच्या देवळापासून घाट उतरलो तेव्हा नदीवर धुकं होतं. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन भिडतात. त्या दिवशी पलीकडचा काठही दिसत नव्हता. गुरुजी पिंडाची तयारी करत होते. पायऱ्यांवर बायका शालींत गुरफटून बसलेल्या. चौघं भाऊ उघड्या अंगानं ओळीत. मामानं किटलीतून गरम पाणी आणलं होतं. मला वाटलं चहा. "थंड पाणी लावलंस की काटा येतोय," तो म्हणाला. "काट्यावर वस्तरा फिरवलास की प्रत्येक काट्याचं डोकं उडतंय. मग रगात बघत बस."

थोरले बसले. साठीच्या आसपासचे, डोळे सुजलेले. मी आधी बारीक मशीन मारली, पाणी चोळलं, साबण लावला आणि कपाळापासून मागं वस्तरा घेतला. पहिलाच हात अडकला. डोक्याची कातडी कवटीवर सैल असते, पात्यापुढं गोळा होते. फुग्याची होत नाही.

मामा कानाशी आला. "उजवा इसर. डावा कुठाय तुझा?"

डावा हात मी नुसताच त्यांच्या खांद्यावर ठेवला होता, आधारासारखा. मामानं तो उचलून टाळूवर ठेवला आणि आपल्या हातानं दाबून कातडी मागं ताणली. आता पातं सुरकन गेलं, सुपारीवरून गेल्यासारखं. ताणायचं, एक हात घ्यायचा, डावा सरकवायचा, परत ताणायचं. तीनचार वेळा केल्यावर कळलं की वस्तऱ्याला काही करावंच लागत नाही, तो फक्त डाव्याच्या मागून जातो. दाढीला मामानं हे कितीदा सांगितलं होतं, पण तिथं थोडं चुकलं तरी निभतं.

मागं भोवऱ्यापाशी आलो आणि थांबलो. भोवरे दोन होते. एक उजवीकडं वळणारा, एक डावीकडं. भोवऱ्याशी केसांची दिशा फिरते, म्हणून हातही गोल फिरवावा लागतो, नाहीतर आपण नकळत उलट्यानं काढतो आणि कातडी सोलते. इथं दोन भोवऱ्यांमध्ये केस एकमेकांवर चढले होते. आणि शेंडी ठेवायची होती. कुठल्या भोवऱ्यावर?

पायऱ्यांवरचा एक म्हातारा एवढ्या दुःखातही म्हणाला, "दोन भवरं, दोन बायका." थोरल्यांच्या मंडळी पायरीवरच होत्या. कुणी हसलं नाही, पण सगळ्यांनी तिकडं बघितलं.

"डाव्यावर ठेव," मामा म्हणाला. "आबांची डाव्यावर असायची."

थोरल्यांनी मान वळवून मामाकडं बघितलं. "आमच्या बाला दोन भवरं होतं?"

"टोपीखाली कुणाला दिसणार? मला दिसायचं."

दुसऱ्या भावाला बसवलं तेव्हा मी शहाणा झालो होतो. पाणी लावायच्या आधी डावा तळवा सगळ्या डोक्यावरून फिरवला. कानामागचा खळगा, मानेवरचा हाडाचा उंचवटा. आणि उजव्या बाजूला, केसांच्या आत, बोटभर लांब खोक. कातडी तिथं पातळ आणि गुळगुळीत, केस एकही नाही. हात फिरवला नसता तर पातं त्यात घुसलंच असतं.

"तिथं जपून," ते म्हणाले. "आंब्यावरनं पडलोय तिथं. सातवीला असंन. आबांनी सायकलीच्या दांडीवर बसवून कराडला आणलंय. टॉवेल गुंडाळलेला, तो भिजून रगात त्यांच्या धोतरावर. सगळा रस्ता मलाच शिव्या देत." मग बराच वेळ ते बोलले नाहीत, आणि मला खोकेच्या कडेनं जायला तेवढा वेळ लागलाच. खोक ओलांडायची नाही, कडेनं दोन्ही बाजूंनी यायचं. मामानं एकदाही हात घातला नाही. त्याचा अंगठा ठणकत होता, तो दुखरा हात बगलेत धरून उभा होता.

यांनाही दोन भोवरे. तिसऱ्यांनाही. तिसऱ्यांचं डोकं दहा मिनिटांत झालं, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मिशी काढताना तेवढे शिंकले आणि ओठाच्या कडेला एक थेंब आला, मी तुरटी दाबली.

धाकटा पुण्याला कंपनीत. वरती केस वाढवलेले, कडेला बारीक उतरवलेले, चांगल्या हातानं केलेला कट. तो उभ्या उभ्याच म्हणाला, "नुसते चार केस काढा. सोमवारी मीटिंग आहे."

गुरुजी काही बोलले नाहीत. हल्ली असं चालतं, आणि मला विचाराल तर चालावं. मामा म्हणाला, "तुमची मर्जी, दादा." मी कात्री काढलीसुद्धा. तेवढ्यात पायरीवरून त्यांची आत्या कडाडली, "तुझ्या जावळाला माझ्या भावानं बोकड कापलाय! गावजेवण घातलंय! आन् त्याच्या दहाव्याला चार क्यास?"

धाकटा बसला. बसताना माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "भाऊ, कापू नको फक्त."

त्याच्या डोक्याला मला सगळ्यांत कमी भीती वाटली. हेच डोकं सकाळपासून चौथ्यांदा हातात आलं होतं. तोच मागचा चपटेपणा, कानामागं तोच खळगा, तेच दोन भोवरे, एक उजवा, एक डावा. डोळे मिटूनही हात गेला असता. मधेच मामा पुढं आला, त्यानं आपला डावा तळवा त्या अर्ध्या झालेल्या डोक्यावर ठेवला आणि क्षणभर तसाच ठेवला. मला वाटलं, काही राहिलंय. "काय, मामा?"

"काय न्हाय. कर."

चौघं नदीत बुडी मारून आले. धुकं उतरून ऊन आलं होतं. मी चारही अर्धी पाती कागदात गुंडाळली, केस गोळा केले, वस्तरा पुसून धोकटीत ठेवला. थोरल्यांनी पिंड मांडला, सगळे मागं सरले आणि कावळ्याची वाट बघायला लागले. कावळे झाडावर होते, पण येईनात. बायका कुजबुजायला लागल्या, आबांचं काय राहिलं असंल. कुणी म्हणालं धाकट्याच्या लग्नाचं, कुणी म्हणालं बैलाचं. थोरले हात जोडून पुढं वाकले आणि म्हणाले, "आबा, सगळं बघतो आम्ही."

ते वाकले आणि मामानं मला कोपर मारलं.

त्यांच्या उजव्या कानामागं, त्या खळग्यात, रुपयाएवढा पांढऱ्या केसांचा झुबका तसाच होता. उन्हात नुसता चमकत होता. पहिलं डोकं, डावा हात खांद्यावर होता तेव्हाचं. मी धोकटीकडं हात नेला. मामानं मनगट धरलं.

"आता न्हाय. कावळा येऊ दे."