आमची वाटचाल: कमरपट्ट्यापासून शोल्डर होल्स्टरपर्यंत

वडिलांच्या काळी नाशिकच्या भद्रकालीतल्या आमच्या दुकानात बँडवाल्यांचे आणि सिक्युरिटी गार्डचे पट्टे शिवले जात. होल्स्टर, म्हणजे रिव्हॉल्व्हर ठेवायची चामडी खोळ, कमरेचंच, तेही कुणी मागितलं तर. पुढे सराफ बाजारातले सोनार आणि लासलगाव-पिंपळगावचे कांदा-द्राक्षांचे व्यापारी विचारू लागले, "शेठ, बगलेतलं बनवता का?" दिवसभर गाडीत बसायचं, कमरेला रिव्हॉल्व्हर टोचतं, सीटबेल्ट लावला की हाताला येत नाही, ही त्यांची अडचण. 2014 मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याची 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर आलं; .32 बोअर, सहा गोळ्या, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. अशा आटोपशीर हत्याराला बगलेतली जागा सोयीची पडते.

गिऱ्हाईक आधी खोळीचं चामडं दाबून बघतं. आम्ही त्याला पाठ वळवायला सांगतो. शोल्डर होल्स्टरचा, म्हणजे बगलेतल्या होल्स्टरचा, सगळा खेळ पाठीवरच्या चकतीत आहे. चारही पट्टे तिथे येऊन मिळतात. ते पक्के शिवून टाकले, तर हात वर करताच सगळा साज मानेकडे चढतो. चकतीत पट्टे फिरते हवेत. खांद्यावरचा पट्टा अरुंद असला तर दुपारपर्यंत रुततो. डाव्या बगलेत रिव्हॉल्व्हर असेल, तर उजवीकडे गोळ्यांचा बटवा द्यावाच लागतो, नाहीतर माणूस एका अंगाला ओढल्यासारखा चालतो.

बगलेत रिव्हॉल्व्हर आडवं की उभं, यावर मात्र दुकानात रोज वाद. दोन इंची नळी आडवी छान बसते, पटकन हाताला येते. पण तिचं तोंड मागे उभ्या असलेल्या माणसाकडे राहतं. गर्दीत वावरणाऱ्याला मी उभंच सुचवतो. चार इंची नळी आडवी लावली तर कोटीला मागून उंचवटा येतो. ट्रिगर पूर्ण झाकलेला हवा, यावर तडजोड नाही. बोट शिरेल अशी फट ठेवायला सांगणारी गिऱ्हाइकं आम्ही परत पाठवली आहेत.

चामडं म्हशीचं, हिरडा-बाभळीत कमावलेलं. क्रोमच्या क्षारांत कमावलेलं स्वस्त आणि मऊ, पण आकार धरत नाही, शिवाय त्यातल्या क्षारांनी धातूवर डाग पडू शकतात. ओलं चामडं अ‍ॅल्युमिनियमच्या फर्म्यावर दाबायचं, हाडाच्या पट्टीने सिलिंडरचा (गोळ्यांच्या चक्राचा) फुगवटा उठवायचा आणि सावलीत वाळू द्यायचं. फर्म्यामुळे कुणाचं खरं हत्यार दुकानात ठेवून घ्यावं लागत नाही. त्र्यंबककडच्या मंडळींना एक जादा सूचना असते: पावसाळ्यात रात्री रिव्हॉल्व्हर होल्स्टरमधून काढून कुलपात ठेवा. चामडं ओल धरतं, मग गंज आलाच.

2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हत्यार पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असावं लागतं. लायसन बघितल्याशिवाय आम्ही मापच घेत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेकांची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा होतात आणि आमचे कारागीर पुन्हा बँडचे पट्टे शिवायला बसतात!

तयार माल आम्ही ठेवत नाही. मापाला येताना रिव्हॉल्व्हर घरी ठेवा, लायसन आणा आणि कोटी घालून या. लग्नातली नको, रोजची.