पेडल, इंजिन आणि एक बॅटरी: पेटंट नेमकं कुठे अडतं

समजा अशा वाहनाचं पेटंट हवं आहे: पेडलवर एक जनरेटर, छोट्या पेट्रोल इंजिनावर दुसरा, दोघांची वीज एकाच बॅटरीत, चाक मोटरवर. एवढाच क्लेम (म्हणजे कशावर हक्क मागतोय ते सांगणारं वाक्य) लिहिला तर पेटंट ऑफिस तो ‘ऑब्व्हियस’, म्हणजे जाणकाराला सहज सुचेल असा, म्हणून नाकारणार, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. सगळे भाग जुने, आणि एकत्र आल्यावरही प्रत्येक जण आपलं नेहमीचंच काम करतो. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 2007 साली केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स खटल्यात हाच निकष लावला. तिथेही वाद पेडलचाच होता, मोटारीच्या अ‍ॅक्सिलरेटरचा: मागेपुढे सरकणारं पेडल आधीपासून होतं, सेन्सरही होते, दोन्ही जोडणं जाणकाराला सुचण्यासारखंच होतं.

‘दोन स्रोतांमुळे रेंज वाढते’ हा युक्तिवादही टिकत नाही. सामान्य माणूस तासभर सलग 75 ते 100 वॉट देतो. तोटा वजा जाता बॅटरीत साधारण 60-70 वॉट पोचतात. 36 व्होल्ट, 10 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे 360 वॉट-अवर, म्हणजे पाच-सहा तास पेडलिंग. शेजारी एक किलोवॉटचा इंजिन जनरेटर असेल तर पेडलची भर किरकोळ, आणि बेरीज ही अपेक्षितच असते.

खरी अडचण दोघं एकत्र चालू झाल्यावर दिसते. समजा पेडल जनरेटर 39 व्होल्ट देतोय. इंजिन सुरू होताच बसचं (दोन्ही जनरेटर आणि बॅटरी जिथे जोडलेली आहेत त्या सामाईक लाइनचं) व्होल्टेज 41 वर जातं, पेडलकडचा रेक्टिफायर (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) बंद पडतो, करंट शून्य होतो आणि पायाखालचा भार एकदम निघून जातो. नुसता बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज वाढवणारं सर्किट) लावला की भार परत येतो, पण पेटंट ऑफिसचा परीक्षक सोलर-विंड चार्जरचं, म्हणजे दोन स्रोतांवर एक बॅटरी भरण्याचं, जुनं पेटंट पुढे करेल. बॅटरी 42 व्होल्टला भरत आली की आधी इंजिनाचा करंट कमी करायचा आणि पेडलचा टॉर्क तसाच ठेवायचा, हा क्रम आणि त्यासाठी कंट्रोलर काय मोजतो, हे क्लेममध्ये आलं तर बोलायला जागा राहते.

अमेरिकेतल्या 1966 च्या अ‍ॅडम्स खटल्यात एका बॅटरीचं पेटंट असंच तरलं, अनपेक्षित परिणामामुळे. मॅग्नेशियम आणि क्युप्रस क्लोराइड दोन्ही माहितीचे. पण पाणी घातल्यावर ती इतकी चांगली चालली की तज्ज्ञांचा आधी विश्वासच बसला नाही.

म्हणून इंजिन सुरू होण्याआधीचा आणि नंतरचा पेडल टॉर्क मोजून ग्राफ काढा. चाचणीचा पुरावा शपथपत्रावर नंतरही देता येतो. करंट कमी करण्याचा क्रम मात्र मूळ अर्जातच हवा, कारण अर्जात नसलेली नवी माहिती पुढे घालता येत नाही.