दार थोडं उचलून लावा

अमेरिका कशी वाटली असं कुणी विचारलं की मी नायगारा आणि शिकागो सांगून मोकळा होतो. नायगाऱ्याला भिजलो, शिकागोत पाय दुखेपर्यंत चाललो, फोटो सगळ्यांना पाठवून झाले. पाच आठवड्यांतलं मनात काय राहिलं, हे मात्र अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही. एका जुन्या गाडीचं दार आणि त्याच्या फटीवरून फिरणारं एका म्हाताऱ्या माणसाचं बोट. त्यासाठीच लिहायला बसलोय.

लेक-जावई ट्रॉयला असतात, डेट्रॉइटच्या उत्तरेला. जावई गाड्यांच्या सीट डिझाइन करतो. त्यांच्याकडे रविवारी जेवायला येणाऱ्या मराठी मंडळींतही बरेचजण कुठल्या ना कुठल्या मोटार कंपनीत आहेत. मी स्वतः भोसरीत चौतीस वर्षं प्रेसशॉप आणि टूलरूममध्ये काढली. दारं, बॉनेटं, फेंडर (चाकावरचा पत्रा) यांच्या डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, निळा रंग लावून जुळवायच्या, घासायच्या, पुन्हा जुळवायच्या. त्यामुळे गाडी दिसली की माझी नजर आधी पत्र्यावर जाते, इंजिनाचं नंतर बघू. हे जावयाला ठाऊक होतं. आम्ही पोचलो त्याच दिवशी तो म्हणाला, "बाबा, ऑगस्टचा तिसरा शनिवार मोकळा ठेवा. वुडवर्डवर जायचंय."

वुडवर्ड म्हणजे डेट्रॉइट शहरातून निघून पाँटिअ‍ॅकपर्यंत जाणारा रुंद रस्ता. याच रस्त्याचा सिक्स माइल आणि सेव्हन माइल या दोन आडव्या रस्त्यांमधला तुकडा १९०९ साली काँक्रीटचा केला गेला. १९६०च्या दशकात रात्री इथे पोरं शर्यती लावायची. १९९५ साली याच रस्त्यावरच्या फर्नडेल गावच्या लोकांनी मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी पैसे उभे करायला जुन्या गाड्यांची फेरी काढली. त्याचीच आता ड्रीम क्रूझ झाली आहे. फर्नडेलपासून पाँटिअ‍ॅकपर्यंत दिवसभर गाड्यांची रांग असते, आणि दोन्ही कडेला लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसतात.

२०२३ साली तो शनिवार १९ ऑगस्टला आला. श्रावणी शनिवार, त्यामुळे हिचा उपास. सकाळी साबुदाण्याची खिचडी करून मोठा डबा भरला आणि निघालो. एका दुकानाच्या मागच्या अंगणात गाडी लावायचे वीस डॉलर घेतले, ते मला फार झाले आणि मी तसं बोलून दाखवलं. गर्दीही मला सोसत नाही. ऊन, पेट्रोलचा वास, बाजूच्या घोळक्याचा कर्णा. पहिला तासभर मला घरी जावंसं वाटत होतं, हे कबूल करतो.

मग जावयाने एक खेळ काढला. लांबून गाडी येताना दिसली की विचारायचा, "बाबा, जुनी की नवी?"

हा प्रश्न विचारावा लागतो, कारण अमेरिकन कंपन्यांनी आपल्याच जुन्या गाड्यांचे चेहरे पुन्हा काढले आहेत. १९६४ साली आलेल्या मस्टँगचा चेहरा फोर्डने २००५च्या मस्टँगला दिला. १९७०ची डॉज चॅलेंजर २००८ला परत आली, १९६९च्या शेव्हरोले कॅमेरोची छाप २०१०च्या कॅमेरोवर पडली. समोरून येताना मी चार वेळा फसलो. तेच गोल दिवे, तीच खोल बसवलेली जाळी. बाजूने दिसली की मात्र एकदाही चुकलो नाही.

का, ते सांगतो. १९७०ची चॅलेंजर आणि नवी चॅलेंजर रुंदीला जवळपास सारख्या आहेत, पण नवी साधारण सहा इंच उंच आणि सहा इंच लांब आहे. जुनी जमिनीवर पसरलेली असते, नवी उभी असते. ती उंची डोळ्यांत भरू नये म्हणून खाली वीस इंची चाकं घालतात. जुन्या गाडीवर चौदा-पंधरा इंची चाकं असायची आणि ती शोभायची, कारण वरचा पत्रा पातळ आणि आखूड होता. नव्या कॅमेरोच्या खिडक्या तर इतक्या अरुंद, की किल्ल्याच्या तटातल्या जंग्यांमधून माणसं बाहेर बघतायत असं वाटत होतं. आमच्या समोरून गेलेल्या एका कॅमेरोतल्या लहान मुलीचं नुसतं कपाळ दिसत होतं. त्याच्या मागच्या जुन्या कॅमेरोत एक बाई कोपर बाहेर टाकून बसल्या होत्या. मला हा फरक सगळ्यात मोठा वाटला. रेट्रो करणाऱ्यांनी, म्हणजे जुना चेहरा नव्या गाडीला देणाऱ्यांनी, गाडीचा फोटो नीट पाहिला आहे. आतून बाहेर काय दिसायचं, ते त्या फोटोत येत नाही.

मस्टँगच्या बाबतीत मी थोडा हळवा आहे. आदल्याच आठवड्यात डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये पहिल्या क्रमांकाची मस्टँग पाहिली होती, पांढरी, उघड्या टपाची. ती चुकून न्यूफाउंडलंडमधल्या स्टॅनली टकर नावाच्या वैमानिकाला विकली गेली होती. ती परत मिळवायला फोर्डने त्यांना दहा लाखांच्या टप्प्यावरची नवी मस्टँग दिली. आणि २००५च्या मस्टँगचे मुख्य अभियंता हाउ थाय-टँग. त्यांनी पहिली मस्टँग पाहिली ती लहानपणी व्हिएतनाममधल्या सायगॉनमध्ये, युद्ध चालू असताना. १९७५ साली कुटुंबाबरोबर देश सोडून अमेरिकेत आले, आणि पुढे तीच गाडी नव्याने घडवण्याचं काम त्यांच्याकडे आलं. म्युझियममधून घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात हेच होतं.

दुपारी दोनच्या सुमारास आमच्या शेजारची जागा रिकामी झाली आणि तिथे दोन चॅलेंजर येऊन लागल्या. दोन्ही पिकल्या जांभळासारख्या रंगाच्या. प्लम क्रेझी हा रंग डॉजने १९७०च्या चॅलेंजरवर दिला होता आणि २०१६ला पुन्हा आणला. एक गाडी १९७०ची, दुसरी २०१६ची. जुनीतून सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ उतरले, नवीतून त्यांचा मुलगा.

मी उठलो आणि सवयीने जुन्या गाडीचं दार आणि फेंडर यांच्यामधल्या फटीवर अंगठ्याचं नख ठेवलं. वर नख सहज आत गेलं, खाली अडकलं. परक्या माणसाच्या गाडीला विचारल्याशिवाय हात लावला हे लक्षात येऊन मी मागे सरलो. ते रागावले नाहीत. जवळ आले आणि त्यांनीही त्याच फटीवर, त्याच ठिकाणी बोट ठेवलं. "तुम्ही गॅप बघताय," ते म्हणाले. "इतर लोक इंजिन बघतात."

मी सांगितलं, मी पत्र्याच्या डाय करायचो. ते म्हणाले, "आणि मी दारं बसवायचो. हॅमट्रॅमिकला. डावी दारं."

डॉजचा हॅमट्रॅमिकचा कारखाना, डॉज मेन. ते १९६९ साली अठराव्या वर्षी तिथे लागले, म्हणजे १९७०च्या चॅलेंजर लाइनवर आल्या तेव्हा. त्यांनी मला समोरच्या काचेतून डॅशवर बसवलेली क्रमांकाची पट्टी दाखवली. त्यात एके ठिकाणी बी हे अक्षर होतं. बी म्हणजे हॅमट्रॅमिक. लॉस एंजेलिसला बनलेल्या गाडीवर ई असतं. ही गाडी त्यांनी १९८१ साली एका शेजाऱ्याकडून घेतली, आणि घेण्याआधी बॉनेटसुद्धा न उघडता आधी ते अक्षर पाहिलं. "माझ्या शिफ्टमध्ये आली असेल की नाही, सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण हे दार मीच बसवलेलं असू शकतं." एवढं बोलून ते थोडा वेळ गप्प राहिले. मीही राहिलो. (दुसऱ्या दिवशी मी जावयाला मुद्दाम हॅमट्रॅमिकला न्यायला लावलं. डॉज मेन १९८०च्या जानेवारीत बंद झाला आणि पाडला गेला. त्या जागी जनरल मोटर्सचा कारखाना आहे आणि तिथे आता विजेवरची हमर बनते. कुंपणाबाहेर दहा मिनिटं थांबलो आणि परत आलो.)

त्यांनी मला चालकाच्या जागेवर बसवलं. स्टिअरिंगचं चाक करंगळीएवढं बारीक. सीटचं रेक्झिन उन्हाने तापलेलं. चारही चाकांना ड्रम ब्रेक, तेही पॉवर ब्रेक नव्हेत. त्यांनी चारही काचा खाली करायला सांगितल्या, आणि मग मला कळलं. या गाडीच्या दोन खिडक्यांमध्ये खांबच नाही. काचा खाली गेल्या की पुढून मागपर्यंत एकच मोकळी जागा, गच्चीवर बसल्यासारखी. मागच्या सीटवरून हिने हात बाहेर काढून लेकीला हाक मारली.

मग मुलाच्या गाडीत बसलो. सीट उत्तम, हे जावयासमोर सांगायलाच हवं. दार एका बोटाने लागतं. गॅप वरपासून खालपर्यंत एकसारखा, आमच्या वेळी असं दार निघालं असतं तर आम्ही पेढे वाटले असते. पण मधला खांब आहे. तो काळ्या काचेसारखा रंगवून लपवला आहे, म्हणजे लांबून खिडकी अखंड वाटावी. मागची काच उघडतच नाही. आत बसल्यावर खांद्याजवळ भिंत येते. हा खांब काढा असं मी म्हणणार नाही. गाडी उलटली तर छत तोलायला तो आहे, पट्टा त्याच्यावर आहे, नातवंडं मागे बसणार असतील तर मी हीच गाडी निवडीन. तरी तिथे बसल्यावर माझं मन खट्टू झालं, तेही खरं आहे.

ताकदीचं विचाराल तर जुनीत ३१८ क्यूबिक इंचाचं, म्हणजे ५.२ लिटरचं इंजिन. कागदावर २३० हॉर्सपॉवर. हेमी हे डॉजचं जास्त ताकदीचं, महाग इंजिन. "हेमी घ्यायला तेव्हा पैसे नव्हते आणि नंतर तर नव्हतेच," असं ते म्हणाले. नवीत ५.७ लिटरचं हेमी, ३७५ हॉर्सपॉवर. आणि हे दोन आकडे एका मापाचे नाहीत. १९७२पूर्वी इंजिन गाडीबाहेर चाचणीच्या बाकावर ठेवून, एअर फिल्टर, सायलेन्सर, अल्टरनेटर यांचा भार न टाकता ताकद मोजायचे. गाडीत बसवल्यावर जुनीची खरी ताकद त्याहून बरीच कमी. नवी तीनशे किलोहून जास्त वजन घेऊनही तिला सहज मागे टाकते. मुलाने दोन्ही इंजिनं चालू केली. नवीचा आवाज खोल आणि कापल्यासारखा सरळ होता. जुनी एका ठोक्याला चुकायची, पुन्हा सावरायची. ते गृहस्थ डोळे मिटून ऐकत होते आणि मुलगा त्यांच्याकडे बघत होता.

मुलाने मला नंतर एकट्याला सांगितलं, की वडिलांच्या गाडीत तो लहानपणी मागच्या सीटवर झोपायचा. स्वतःची गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा दुसरा रंग त्याने बघितलाही नाही. ती गाडीही आता बनत नाही. २०२३च्या डिसेंबरात नवी चॅलेंजर बंद झाली, त्याच सुमारास कॅमेरो. चेहरा जपणाऱ्यांत मस्टँग तेवढी उरली.

हिने खिचडीचा डबा उघडला. शेंगदाणे चालतात ना, हे आधी विचारून घेतलं. ते गृहस्थ दोनदा वाढून घेऊन जेवले आणि हे मोती कसले म्हणून विचारत राहिले. आमच्याकडे अनोळखी माणसाला रस्त्याकडेला जेवू घालणं नवं नाही. पण त्यांनी स्वतःची घडीची खुर्ची उचलून हिच्यासाठी सावलीत नेऊन ठेवली, ते मला फार आवडलं.

संध्याकाळी ते निघाले. मी चालकाच्या बाजूचं दार लावायला गेलो, तर लागेना. दुसऱ्यांदा जोरात लोटलं, तरी नाही. बिजागरी झिजून दार खाली आलं होतं. म्हणूनच दुपारी नख खाली अडकलं होतं.

"थोडं उचलून लावा," ते आतून म्हणाले. "पावसाळी हवेत घराचं दार लावता तसं."

मिशिगनमध्येही पावसाळी हवेत दारं फुगतात, हे मला माहीत नव्हतं. मी खालून हात घालून दार जरासं उचललं आणि लोटलं. खट् करून बसलं. त्यांनी उघड्या खिडकीतून कोपर बाहेर टाकलं, मुलाने आपली गाडी त्यांच्या मागे लावली आणि दोघं पाँटिअ‍ॅकच्या दिशेने रांगेत शिरले.