गंज चढलेले टायटॅनियम

साताऱ्याच्या एसटी स्टँडपासून चार पावलांवर माझे घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे. घड्याळजी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे डोळ्याला आयग्लास लावून चाके जुळवणारा माणूस येतो. प्रत्यक्षात माझा निम्म्याहून अधिक दिवस सेल बदलण्यात, पट्ट्याच्या कड्या काढण्यात आणि लग्नसराईच्या आधी घासून चकचकीत करायला आणलेल्या केसेसना, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या डब्यांना, पॉलिश करण्यात जातो. या पॉलिशच्या कामात आपल्याला कोणी चूक दाखवू शकणार नाही, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. ती गेल्या वर्षीच्या आषाढात मोडली आणि मोडणारा माणूस घड्याळातला जाणकार नव्हता, एसटीचा वाहक होता.

हे वाहक मूळचे रत्नागिरीकडचे, मालगुंडचे. स्टीलच्या घड्याळाखाली त्यांच्या मनगटावर दर पावसाळ्यात पुरळ उठत असे. घड्याळांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ३१६एल या स्टीलमध्ये १० ते १४ टक्के निकेल असते आणि ज्यांना निकेल सोसत नाही त्यांना घाम व घट्ट पट्टा एकत्र आले की त्रास सुरू होऊ शकतो. म्हणून मुलाने त्यांना एका जपानी कंपनीचे टायटॅनियमचे घड्याळ घेऊन दिले होते. विकणाऱ्याने "याला ओरखडा पडतच नाही" असे सांगितले होते. हे वाक्य मी इतक्या गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकले आहे की मॉलमधल्या विक्रेत्यांना ते पाठ करून घेतले जात असावे, असा माझा संशय आहे. (त्याहून जुना गैरसमज म्हणजे टायटन कंपनीचे प्रत्येक घड्याळ टायटॅनियमचे असते. ते नाव टाटा इंडस्ट्रीज आणि तामिळनाडू यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आले आहे, हे मी महिन्यातून एकदा तरी कोणाला तरी सांगतो आणि समोरच्याचा चेहरा सांगतो की त्याला ते पटलेले नाही.)

वर्षभराच्या वापरानंतर ते घड्याळ माझ्या काउंटरवर आले तेव्हा केसच्या डाव्या कडेला आणि पट्ट्याच्या कड्यांवर वीस-पंचवीस करड्या, चमकत्या रेघा होत्या आणि पट्टा जिथे अडकतो त्या चार कानांपैकी खालच्या डाव्या कानाच्या टोकाला एक खरा, नखाला लागणारा खड्डा होता. वाहकांनी दोन प्रश्न विचारले. पहिला, हे खरोखर टायटॅनियम आहे का. त्याचे उत्तर सोपे होते, कारण टायटॅनियमची घनता साडेचार आणि स्टीलची जवळजवळ आठ, त्यामुळे एवढ्या मोठ्या केसचे वजन तळहातच सांगतो. दुसरा प्रश्न त्यांनी एका रेघेवर बोट ठेवून विचारला, "शेठ, टायटॅनियम गंजत नाही म्हणतात, मग ही कड तांबूस का दिसते?" मी त्या रेघेकडे नीट पाहिलेही नाही. "घामाचा मळ असेल, मास्तर," असे म्हणून मी पावती फाडली. हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मागे लागलेला आहे.

ओरखडे का पडतात, हे मी त्यांना मोठ्या ऐटीत समजावून सांगितले, आणि जे सांगितले ते साध्या टायटॅनियमपुरते खरेही होते. शुद्ध टायटॅनियम, ज्याला ग्रेड २ म्हणतात, त्याची कठीणता व्हिकर्स मापावर साधारण दीडशे ते दोनशे, म्हणजे घड्याळाच्या स्टीलइतकीच. ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम मिसळलेला ग्रेड ५ साधारण साडेतीनशेपर्यंत जातो. उलट धुळीतल्या वाळूचा कण, म्हणजे क्वार्ट्झ, हजाराच्या वर असतो. घाटातल्या बसच्या खिडकीच्या चौकटीवर साचलेली धूळ आणि तिच्यावर टेकलेले मनगट एवढ्याने कोणताही ग्रेड ओरबाडला जातो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू दिसते तिच्यात इल्मेनाइट असते आणि टायटॅनियम मिळते ते अशाच खनिजापासून, हेही मी सांगितले. त्यावर ते म्हणाले, "म्हणजे आमच्याच किनाऱ्याची काळी वाळू हाताला बांधायची आणि पांढऱ्या वाळूने ती खरवडून घ्यायची." मी हसलो आणि घड्याळ आत घेतले.

टायटॅनियमला पॉलिश करणे हे कटकटीचे काम आहे. स्टील बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या कापडी चाकावर, धरले की ते गुमान उजळते. टायटॅनियम चिकट असते. कापले जाण्याऐवजी ते स्वतःवरच लिंपले जाते, कागदाच्या दाण्यांत भरून बसते, आणि बफ जोरात चालवला तर तापून त्याची छटा बदलते. म्हणून ब्रश फिनिशच्या, म्हणजे एकाच दिशेच्या बारीक रेघा ठेवलेल्या, केसला मी बफ लावतच नाही. बाजूचे सगळे भाग टेपने झाकायचे, वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, लाकडाच्या सपाट काडीला गुंडाळायचा, पाण्याचा थेंब घ्यायचा आणि मूळ रेघांच्या दिशेने, एकाच दिशेने, हात उचलून पुन्हा पहिल्या जागी आणत घासायचे. पाच-सहा हात झाले की कागद बदलायचा. आमच्यातले काही जण कानाची धार गोल होईपर्यंत सगळे बफवर धरतात आणि गिऱ्हाईक चमक पाहून खूश होते. तो प्रकार मी कधी केला नाही, आणि त्याचा अभिमान बाळगण्यातच त्या दिवशी माझे डोळे झाकले गेले असावेत.

खड्ड्याच्या कानापासून सुरुवात केली. आठशे नंबरचा कागद घेतला तर तो धरेना, काचेवरून सरकावा तसा नुसता सरकत राहिला. टायटॅनियमवर कागद पहिल्या हातालाच दाताखाली खडा आल्यासारखा अडकतो, हे माझ्या बोटांना पक्के माहीत आहे. बोटांनी सांगितले, मी ऐकले नाही. कागद जुना असेल म्हणून नवा घेतला, मग त्याहून भरड, चारशेचा घेतला आणि दाब वाढवला. थोड्या वेळाने एकाएकी कागद धरू लागला, आणि पाण्यात करडा चिखल उतरू लागला. मला बरे वाटले. खड्डा गेला, रेघा जुळवल्या, टेप काढली, आणि तो कान बाकीच्या तीन कानांच्या शेजारी वेगळ्याच धातूचा असावा तसा फिकट दिसू लागला.

तेव्हा कुठे मी मागच्या झाकणावरचा घामाचा थर काडीने काढला आणि बारीक अक्षरे वाचली. पृष्ठभाग कठीण केलेले टायटॅनियम होते ते. १९७० साली सिटिझनने टायटॅनियमच्या केसचे पहिले मनगटी घड्याळ काढले तेव्हापासून या धातूचा मऊपणा ही घड्याळवाल्यांची डोकेदुखी आहे, आणि जपानी कंपन्यांनी तिच्यावर काढलेला उपाय म्हणजे वरचा काही मायक्रॉनचा थर हजार व्हिकर्स किंवा त्याहून कठीण करणे. वॉटर पेपरमधले सिलिकॉन कार्बाइड त्याहूनही कठीण असते म्हणून मी तो थर घासून काढू शकलो. परत चढवण्याचे साधन माझ्याकडे तर नाहीच, कोणत्याही दुकानात नसते. तो थर कारखान्यातच चढतो.

मग प्रश्न उरला तो असा, की हा थर एवढा कठीण, तर त्या वीस-पंचवीस रेघा कशाच्या? आयग्लास लावून मी पहिल्यांदा नीट पाहिले. रेघ खोल गेलेली नव्हती. ब्रश फिनिशच्या बारीक समांतर रेषा एका बाजूने येऊन त्या करड्या पट्ट्याखालून अखंड पलीकडे जात होत्या, जशा रंगाच्या फटकाऱ्याखालून लाकडाच्या शिरा जातात. ती रेघ टायटॅनियममध्ये नव्हती, टायटॅनियमवर होती. बसमधले रंग उडालेले लोखंडी दांडे, सीटच्या कडा, पाठीमागच्या दाराची खिटी, पिशवीतली एक-दोन रुपयांची स्टीलची नाणी यांवर दिवसभर हात घासला की घासले जात होते ते लोखंड आणि स्टील, आणि पाटीवर खडू उमटावा तसे ते घड्याळावर उमटत होते. आणि लोखंड आषाढात गंजते. वाहकांनी बोट ठेवलेली तांबूस कड खरोखर गंजाची होती, फक्त तो गंज टायटॅनियमचा नव्हता. शाई खोडायच्या रबराचा निळसर, खरखरीत भाग मी त्या रेघेवरून दहा वेळा फिरवला. काळा चुरा पडला आणि रेघ गेली. पाऊण तासात सगळ्या रेघा गेल्या.

संध्याकाळी मी त्यांना झाले ते सगळे सांगितले आणि पैसे घेतले नाहीत. त्यांनी फिकट कानावरून अंगठा फिरवला, "म्हणजे मी गंज म्हटलं ते बरोबर होतं," एवढेच म्हणाले आणि बामणोलीच्या गाडीला निघून गेले. ते चिडले असते तर मला सोपे गेले असते.

या दिवाळीच्या तोंडावर ते गॅस्केट, म्हणजे पाणी आत जाऊ न देणारे रबरी कडे, बदलायला पुन्हा आले. पंधरा महिने तेच मनगट, तीच बस, तेच दांडे, आणि एकाच घड्याळावर तीन कान थरासकट आणि एक कान उघडा: असा नमुना कोणी मुद्दाम तयार करत नाही. मी अर्धा तास आयग्लासखालून पाहत होतो. उघड्या कानावर मी काढलेल्या ब्रशच्या रेषा शिल्लकच नव्हत्या. त्यांच्या जागी सर्व दिशांचे इतके बारीक ओरखडे एकावर एक पडले होते की लांबून तो कान एकसारखा, शांत, मातकट करडा दिसत होता. टायटॅनियमचे ओरखडे आपोआप भरून येतात असे जे लोक सांगतात, त्यांनी हेच पाहिलेले असते. नवा ओरखडा उजळ दिसतो, हवेत त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा लगेच धरतो, पण तो असतो काही नॅनोमीटरचा आणि नखाला लागणारा ओरखडा त्याच्या हजारो पट खोल. त्यात भरत काहीच नाही. घामाचे तेल आणि शेजारच्या शेकडो ओरखड्यांची गर्दी त्याला आपल्यात मिसळून घेते, इतकेच. उरलेल्या तीन कानांवर मूळ रेषा जशाच्या तशा होत्या, त्यांवर पुन्हा लोखंडाच्या रेघा आल्या होत्या आणि त्या रबराने गेल्या. मात्र वरच्या उजव्या कानाला बसचे दार लागले होते. तिथे ओरखडा नव्हता, पण कवच तसेच ठेवून खालचा मऊ धातू आत दबला होता आणि खळग्याच्या कडेने उकडलेल्या अंड्याला चमचा लागावा तशा बारीक भेगा होत्या. त्या भेगांना कागद लावता येत नाही आणि रबराचाही उपयोग नाही.

घड्याळ परत देताना वाहकांनी विचारले की उरलेल्या तीन कानांचा आणि कड्यांचा थरही काढून टाकला तर सगळे त्या एका कानासारखे होईल का, कारण त्यांना आता तोच कान जास्त आवडतो. होईल, हे मला माहीत आहे. दोन दिवसांचे काम आहे आणि ते मी चांगले करीन. पण एकदा न पाहता काढलेला थर अजून डोक्यातून गेलेला नाही, आणि पाहूनसवरून काढायला हात धजत नाही. तुळशीच्या लग्नानंतर सांगतो, असे मी म्हटले. परवा स्टँडवर त्यांची गाडी लागली होती तेव्हा त्यांनी खिडकीतून नुसते मनगट वर करून दाखवले.