तुम्ही विचारलंत म्हणून: कॅम्पेनमध्ये थर्ड-पार्टी कंटेंट चालू द्यावा का?

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, पात्रं घेऊन कथा रचायच्या खेळात कॅम्पेन म्हणजे सेशनमागून सेशन (बैठकीमागून बैठक) चालणारी कथा. नवे गेम मास्टर (जीएम, म्हणजे कथा आणि शत्रू चालवणारे) विचारतात, जुने खेळाडूही विचारतात: कोणी बाहेरच्या प्रकाशकाच्या पुस्तकातला सबक्लास (पात्राच्या क्लासची, म्हणजे वर्गाची, खास शाखा) किंवा स्पेल (मंत्र) घेऊन आलं, तर हो म्हणायचं की नाही? माझं उत्तर हो असंच आहे. फक्त अख्ख्या पुस्तकाला हो म्हणू नका. त्यातल्या एका गोष्टीला म्हणा आणि ती गोष्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्यावर म्हणा. पुढचे सगळे आकडे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे, २०१४च्या नियमांप्रमाणे आहेत, कारण बाजारातला बराचसा थर्ड-पार्टी कंटेंट त्यांच्यावर बेतलेला आहे.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. मुखपृष्ठावर मूळ कंपनीचं नाव आहे म्हणजे आतलं सगळं तोलून मापून लिहिलंय, असं नसतं. २०२०मध्ये अधिकृतपणे आलेला ट्वायलाइट डोमेनचा क्लेरिक (देवाकडून शक्ती मिळणारा क्लास) पाहा. एक मिनिटभर, ३० फुटांतल्या साथीदाराची पाळी संपली की त्याला १डी६ (सहा बाजूंचा एक फासा) अधिक क्लेरिकची लेव्हल इतके टेम्पररी हिट पॉइंट (जीव मोजणाऱ्या हिट पॉइंटच्या आधी मार झेलणारे) देता येतात. पाचव्या लेव्हलला सरासरी साडेआठ, तेही प्रत्येकाला, प्रत्येक फेरीत. पाच जणांचा गट असेल आणि मार विभागून पडत असेल, तर शत्रूचा बराचसा मार अंगाला लागतच नाही. उलट २०१४चा बीस्ट मास्टर रेंजर (प्राण्यासोबत लढणारा) अधिकृत असूनही इतका लंगडा होता की त्याला पुढे पर्यायी नियम द्यावे लागले. म्हणून कोणी छापलंय यावरून निकाल देऊ नका. परवान्याची चिंताही सोडा. २०००मधलं ओपन गेम लायसन्स असो किंवा जानेवारी २०२३मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला झालेला नियमसंच असो, ते प्रकाशित करणाऱ्यांसाठी आहेत. टेबलावर खेळणाऱ्यांना ते अडवत नाहीत.

जीएमने आणलेली गोष्ट आणि खेळाडूने आणलेली गोष्ट यांचा विचार मात्र वेगवेगळा करा. बाहेरचा मॉन्स्टर एका लढाईपुरता येतो आणि त्याचे आकडे पडद्यामागे तुमच्या हातात असतात. सबक्लास वर्षभर टेबलावर राहतो.

मॉन्स्टर तपासायला पाच मिनिटं पुरतात. चॅलेंज रेटिंग (मॉन्स्टर किती कठीण त्याचा आकडा) ५ लिहिलं असेल तर साधारण आर्मर क्लास (फटका लागायला गाठायचा आकडा) १५, हिट पॉइंट १३१ ते १४५, हल्ल्याला +६ (डी२०, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर मिळवायचे), सेव्ह डीसी (परिणामातून वाचायला गाठायचा आकडा) १५ आणि फेरीला ३३ ते ३८ डॅमेज (मार) अपेक्षित असतं. या चौकटीत बसणारा मॉन्स्टरही जीवघेणा ठरू शकतो, कारण डॅमेज कसं वाटलंय ते एकूण आकड्यात दिसत नाही. ३६चं डॅमेज तीन फटक्यांत येणं वेगळं आणि एकाच फटक्यात येणं वेगळं. पाचव्या लेव्हलच्या, कॉन्स्टिट्यूशन (दणकटपणा) १४ असलेल्या विझर्डचे (जादूगाराचे) हिट पॉइंट जेमतेम ३२ असतात. म्हणून मॉन्स्टरचा सर्वांत मोठा एकच फटका गटातल्या सर्वांत नाजूक पात्राच्या हिट पॉइंटशेजारी लिहून पाहा. दुसरी तपासणी पॅरलाइज आणि स्टनची, म्हणजे पात्राला काही करूच न देणाऱ्या परिणामांची. प्रत्येक पाळीच्या शेवटी पुन्हा सेव्हिंग थ्रोची (सुटण्यासाठी फासा टाकायची) संधी दिलेली नसेल तर ती स्वतः लिहून टाका. नाहीतर एक खेळाडू लढाई संपेपर्यंत हात बांधून बसतो. यापेक्षा वाईट सेशन मला माहीत नाही.

आता खेळाडूची बाजू. सर्वांत जास्त गडबड स्पेलमध्ये होते आणि तिचं कारण बहुतेकदा एकच: लेखकाने फायरबॉल या आगीच्या स्पेलला मोजपट्टी धरलेलं असतं. डंजन मास्टरसाठीच्या (म्हणजे जीएमसाठीच्या) नियमांत स्पेल बनवण्याचा तक्ता आहे. त्यात तिसऱ्या लेव्हलच्या (ही स्पेलची लेव्हल, पात्राची नव्हे), अनेकांना लागणाऱ्या स्पेलला ६डी६ दिलेत. फायरबॉल ८डी६ आहे, म्हणजे तक्त्यातल्या पाचव्या लेव्हलइतका. तो मुद्दाम ठेवलेला अपवाद आहे. बाहेरचा लेखक तेच ८डी६ घेतो, वर शत्रूला आडवं पाडण्याची सोय जोडतो आणि लेव्हल तीनच ठेवतो. कागदावर निरुपद्रवी दिसणारा हा स्पेल खरं तर दोन लेव्हल वरचा असतो. एकालाच लागणाऱ्या स्पेलसाठी तक्ता पहिल्या लेव्हलला २डी१०, दुसऱ्याला ३डी१० आणि तिसऱ्याला ५डी१० सांगतो. एवढे आकडे पाठ ठेवले तरी निम्मं काम होतं.

डॅमेज नसलेले स्पेल तपासणं जास्त अवघड. तिथे मी होल्ड पर्सन समोर ठेवतो. दुसऱ्या लेव्हलच्या त्या स्पेलला तीन लगाम आहेत: कॉन्सन्ट्रेशन (एकाग्रता, असा एका वेळी एकच स्पेल चालू ठेवता येतो) लागतं, शत्रूला दर पाळीला सेव्ह मिळतो आणि तो फक्त ह्युमनॉइडवर (माणसासारख्या जिवांवर) चालतो. नव्या स्पेलमध्ये यातला एक लगाम नसेल तर लेव्हल एकाने वाढवा. दोन नसतील तर नकार द्या. एका फेरीपेक्षा जास्त टिकणारा आणि कॉन्सन्ट्रेशन न लागणारा प्रत्येक स्पेल पुन्हा एकदा वाचा, कारण तो कॉन्सन्ट्रेशनवाल्या दुसऱ्या स्पेलच्या जोडीने चालू राहतो.

सबक्लाससाठी एक ठरलेलं माप हवं. वॉरलॉक या क्लासचा एल्ड्रिच ब्लास्ट (किरणांचा हल्ला), ॲगोनायझिंग ब्लास्ट (त्यात करिश्माचा बोनस जोडणारी सुविधा) आणि हेक्स (फटक्यामागे १डी६ जोडणारा शाप) हे त्रिकूट त्यासाठी सोयीचं आहे. पाचव्या लेव्हलला करिश्मा १८ (बोनस +४) धरला तर दोन किरण, प्रत्येकी १डी१० अधिक १डी६ अधिक ४, म्हणजे दोन्ही लागले तर सरासरी २६. आर्मर क्लास १५ समोर +७ने ६५ टक्के वेळा फटका लागतो. क्रिटिकल (२० पडल्यावर दुप्पट फासे) धरून फेरीला साधारण १८ पडतात. नवा सबक्लास काहीही खर्च न करता फेरीमागून फेरी २५च्या वर जात असेल, तर तो तसाच घेऊ नका. यासोबत बोनस ॲक्शन (मुख्य कृती म्हणजे ॲक्शनखेरीज पाळीतली छोटी कृती) आणि रिॲक्शन (घडलेल्या गोष्टीला दिलेलं झटपट उत्तर) कुठे खर्च होतात ते पाहा. "या हल्ल्याला ॲक्शन लागत नाही" असं वाक्य दिसलं की तिथे थांबा.

आर्मर क्लासकडे लोक डॅमेजपेक्षा कमी लक्ष देतात. मला तो जास्त धोक्याचा वाटतो. +६चा हल्ला आर्मर क्लास १८ला ४५ टक्के वेळा लागतो आणि २२ला २५ टक्के. चार अंकांत मार जवळजवळ निम्मा होतो. मग जीएम हल्ल्याचे आकडे वाढवतो आणि त्याचा फटका १४ आर्मर क्लासच्या बिचाऱ्या सोर्सररला बसतो.

आकडे जुळले तरी एक गोष्ट उरते. गटात कुलपं उघडणारा, सापळे ओळखणारा एक जण आधीपासून आहे आणि नवा सबक्लास तेच काम डाइस न टाकता करतो. बॅलन्स ठीक आहे, पण एका खेळाडूचं टेबलावर असण्याचं कारण गेलं. अशा वेळी मी आकडे पाहतही नाही, सरळ नाही म्हणतो.

आवृत्तीचा घोळ २०२४च्या नियमांनंतर वाढला. २०१४मध्ये क्लेरिक, सोर्सरर आणि वॉरलॉकला सबक्लास पहिल्याच लेव्हलला मिळायचा, विझर्ड आणि ड्रुइडला दुसऱ्या. आता सगळ्यांना तिसऱ्या लेव्हलला मिळतो. जुना सबक्लास आणला तर आधीच्या लेव्हलच्या सुविधा तिसऱ्या लेव्हलला एकदम द्याव्या लागतात. एक्झॉशन (थकवा) तर पूर्ण बदललंय. पूर्वी पहिल्या पायरीला फक्त ॲबिलिटी चेकवर (क्षमतेच्या चाचणीवर) डिसॲडव्हान्टेज (दोन फाशांतला कमी आकडा धरणं) यायचा आणि हल्ल्याला धक्का लागायचा नाही. आता प्रत्येक पायरीला डी२०च्या सगळ्या चाचण्यांत −२ होतात. "एक पायरी एक्झॉशन घ्या आणि जास्तीचा हल्ला करा" ही सुविधा जुन्या नियमांत जवळजवळ फुकट होती, नव्यात ती महाग आहे.

किती गोष्टी घ्यायच्या? प्रत्येक खेळाडूला एक. दोन वेगळ्या लेखकांनी एकमेकांचे नियम पाहिलेले नसतात, त्यामुळे बिघाड जोड्यांमध्ये होतो. पाच गोष्टींच्या १० जोड्या होतात, दहा गोष्टींच्या ४५. पंचेचाळीस जोड्या कोणी तपासत नाही.

हो म्हणताना अटी तेव्हाच बोलून घ्या. खेळाडूने पूर्ण मजकूर किमान आठवडाभर आधी द्यायचा, पाठ केलेला सारांश चालणार नाही. पहिली तीन सेशन चाचणीची. बदल करायचा तर दोन सेशनच्या मध्ये, लढाई चालू असताना कधीच नाही. त्या क्षणी काही अडलं तर जीएमने तात्पुरता निर्णय द्यायचा आणि खेळ पुढे न्यायचा. गोष्ट काढून टाकावी लागली तर खेळाडूला त्याच लेव्हलवर सबक्लास किंवा पात्र बदलता आलं पाहिजे, अनुभव आणि सामान न गमावता. ही शेवटची अट मी सर्वांत महत्त्वाची मानतो, कारण तिच्यामुळे तक्रार करताना कोणाला भीती वाटत नाही. ऑनलाइन टेबलावर खेळत असाल तर नवी गोष्ट कॅरेक्टर शीटमध्ये हाताने भरावी लागते. ते काम खेळाडूने करायचं, आणि पहिल्या सेशनआधी दहा मिनिटं काढून दोघांनी मिळून प्रत्येक बटण एकदा दाबून पाहायचं.