पश्चिमेची दोन फुटांची पट्टी अजून तापतेच: गच्ची इन्सुलेशन, पुढची नोंद

नवतपा लागला आणि गच्चीवर घातलेल्या उष्णतारोधक थराची खरी परीक्षा झाली. मधल्या भागाचा निकाल उत्तम आहे. रात्री नऊला हॉलच्या छताचा मध्य 36 अंश, तर त्याच गल्लीतल्या उघड्या स्लॅबच्या छताला त्याच वेळी 44. थर खालून वर असे: 5 इंची स्लॅब, वॉटरप्रूफिंग, 50 मिमी एक्सपीएस (उष्णता अडवणारा घट्ट फोमचा बोर्ड), विटांच्या तुकड्यांचा कोबा, वर पांढरा चायना मोझॅक. हिशेबाने छताचा यू-व्हॅल्यू (छतातून किती उष्णता पार होते त्याचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) साधारण 3.4 वरून 0.5 वर येतो. इको निवास संहिता (2018) या घरांच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत छताची मर्यादा 1.2 आहे आणि ती 25 मिमी बोर्डातही बसते. बजेट ताणलेलं असेल तर 25 मिमी बिनधास्त घ्या. पहिल्या इंचाने जेवढी धग अडते, तेवढी दुसऱ्याने अडत नाही.

कूलरलाही याचा फायदा झालाच. बाहेर 43 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असताना चांगल्या पॅडमधून 27 च्या आसपास हवा मिळते. पण डोक्यावर 44 चं छत असेल तर ती हवा पुरत नाही, कारण छताची धग थेट अंगावर येते. छत 36 वर आलं आणि तोच कूलर पुरेसा ठरला.

आता अडलंय ते इथे. पश्चिमेच्या भिंतीलगत छताची दोन फुटांची पट्टी रात्री नऊलाही 42 वर आहे. गच्चीवर बोर्ड जवळजवळ सगळीकडे आहे, कोबा कुठे फुटलेला नाही, ओल नाही. तरी पलंग त्या भिंतीला असेल तर झोप लागत नाही.

मोजण्याबद्दल आधी एक गोष्ट, कारण इथे बरेच जण फसतात. लांबून तापमान मोजणारी स्वस्तातली इन्फ्रारेड गन 12:1 ची असते. म्हणजे 10 फुटांवरून ती 10 इंचांच्या वर्तुळाची सरासरी दाखवते. खाली उभं राहून कोपऱ्यावर नेम धरला की भिंत आणि छत यांची खिचडी वाचली जाते. स्टुलावर चढून एक फुटावरून मोजा. चकचकीत ऑइलपेंट किंवा फॉइल असेल तर त्यावर कागदी मास्किंग टेप चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि टेपचं तापमान घ्या.

धग येते कुठून? संशय कठड्यावर आहे. 9 इंची विटेचा, तीन फूट उंच कठडा थेट स्लॅबवर उभा आहे. दुपारी दोनपासून सूर्यास्तापर्यंत त्याची बाहेरची बाजू उन्हात असते. पाचच्या पुढे ऊन तिरपं, जवळजवळ समोरून लागतं. 9 इंची विटेतून उष्णता पार व्हायला सहा ते आठ तास लागतात, म्हणून आपण जेवून गच्चीवर जातो तेव्हाही कठडा तापलेलाच असतो आणि ती उष्णता खाली बीममध्ये उतरत राहते. चहाच्या पातेल्यातला चमचा जसा दांड्यापर्यंत तापतो, तसंच. त्यात भर वाट्याची. कठड्याच्या बुडाशी पाणी थांबू नये म्हणून जो गोल वाटा मारतात, तो निव्वळ सिमेंट-विटेचा असतो. बोर्ड कठड्याच्या चार-सहा इंच अलीकडेच थांबतो आणि तेवढी जागा उघडी राहते.

खात्रीसाठी सोपी चाचणी: कठड्याच्या 10 फूट भागावर दोन्ही बाजूंनी पांढरी ताडपत्री सहा इंच अंतर सोडून टांगा, मधून हवा खेळली पाहिजे. शेजारचे 10 फूट तसेच उघडे ठेवा. रात्री दोन्हींच्या खालची पट्टी मोजा. इथे झाकलेल्या भागाखाली 39 आले, उघड्याखाली 42. म्हणजे सहा अंशांच्या फरकातला निम्मा कठड्याचा. उरलेला निम्मा कुणाचा? ताडपत्री कठड्यापुरतीच होती, खालचा दीड फुटाचा बीम बाहेरून उन्हातच राहिला. काँक्रीट विटेच्या दुप्पट उष्णता वाहतं आणि त्यावर फक्त प्लास्टर आहे. बीम सोडून नुसता कठडा बोर्डात गुंडाळला तर पैसे अर्धवट कामाला जातील.

म्हणून पहिला आराखडा असा: कठड्याच्या दोन्ही बाजू, माथा आणि बाहेरून बीम, सगळ्याला 25 मिमी एक्सपीएस. दर फुटाला 3 + 3 + 0.75 + 1.5, म्हणजे सव्वाआठ चौरस फूट. 38 फूट लांबीला सुमारे 314 चौरस फूट. बोर्डापेक्षा वरच्या प्लास्टरचा आणि परांचीचा खर्च जास्त.

हे मांडताना दुसरा मार्ग सुचला आणि तोच बरा वाटतोय: पश्चिमेचा कठडा 9 इंचांवर उतरवायचा आणि वर लोखंडी पाईपचं रेलिंग. तापणारी भिंतच उरत नाही. गुंडाळायचं क्षेत्र दर फुटाला पावणेचारवर, एकूण 143 चौरस फुटांच्या आत येतं. रात्रीचा वाराही गच्चीवर खेळतो. गज उभेच लावा, आडव्यांवर मुलं चढतात. दोन गजांत चार इंचांपेक्षा जास्त फट नको आणि गच्चीपासून उंची किमान एक मीटर. रेलिंगचा जोर नुसती वीट पेलत नाही. दर पाच फुटांवर काँक्रीटचा छोटा खांब हवा, त्याच्या 10 मिमी सळया केमिकल अँकरने (भोकात भरायच्या रासायनिक गोंदाने) बीममध्ये रुजवलेल्या. रेलिंगची बेसप्लेट खांबाच्या माथ्यावर बसवा, गच्चीच्या पृष्ठभागावर कधीच नाही, नाहीतर वॉटरप्रूफिंगला भोक पडलंच. हे खांबही बोर्डात गुंडाळायचे.

बोर्ड घेताना वजनकाटा जवळ ठेवा. 1.25 मी × 0.6 मी × 50 मिमीचा बोर्ड 32 घनतेचा (घनमीटरला 32 किलो) असेल तर 1.2 किलो भरतो. 25 मिमीचा 600 ग्रॅम. आठशे-नऊशे ग्रॅमचा 50 मिमी बोर्ड परत करा. कापलेल्या कडेला दाणे दिसले तर तो थर्माकोल आहे, रंग काहीही असो. सॉल्व्हेंटवाला बिटुमेन प्रायमर किंवा साधा रबरी गोंद बोर्ड वितळवतो. पाण्यावरचं इमल्शन किंवा पॉलिमर-सिमेंटचाच गोंद वापरा. बोर्ड 75 अंशांच्या पुढे वाकतो, तेव्हा उन्हात उघडा टाकून मिस्त्री घरी गेला असं होऊ देऊ नका.

त्यावर साधं वाळू-सिमेंट टिकत नाही. बोर्डाची गुळगुळीत साय तारेच्या ब्रशने खरवडा, पॉलिमर मॉर्टर 3 ते 4 मिमी, त्यात चौरस मीटरला 145 ते 160 ग्रॅम वजनाची फायबर जाळी दाबा, जोडावर चार इंच ओव्हरलॅप. चौरस मीटरला पाच-सहा प्लास्टिक अँकर. दुकानदार वॉटरप्रूफिंगची 45 ग्रॅमची पातळ जाळी गळ्यात मारतात. ती भेगा थांबवत नाही.

हे सगळं आत्ता नाही. 44 अंशांत पॉलिमर मॉर्टर हातातच सुकतं, आणि मृगाच्या तोंडावर कठडा फोडणं म्हणजे पावसाला आमंत्रण. काम दिवाळीनंतर. तोवर चुना: 10 किलो कळीचा चुना रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा, अर्धा किलो पांढरा फेव्हिकॉल मिसळा, कठडा आणि बीमवर तीन हात, सकाळी नऊच्या आत. भिंत आधी पाण्याने ओली करा, नाहीतर चुना पापडीसारखा सुटतो. वावटळीच्या धुळीने तो मळतो. झाडूने पाणी मारलं की पुन्हा उजळतो. मृगाच्या आधी पट्टी पुन्हा मोजून आकडे टाकतो.

ज्यांचा कठडा अजून उभा राहायचा आहे, त्यांनी पश्चिम आणि दक्षिणेला रेलिंगच धरा. भिंतच हवी असेल तर बुडाचे दोन थर एएसी ब्लॉकचे (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) घ्या. विटेच्या चौथ्या हिश्शाइतकीच उष्णता ते खाली जाऊ देतात. एएसी पाणी पितो, म्हणून वॉटरप्रूफिंग त्या दोन थरांच्या वर सहा इंच चढवा, आणि छताचा बोर्ड वाट्याच्या खालून थेट ब्लॉकला भिडवा.